विंगेतली साक्ष

आमच्या इमारतीत सगळे भले लोक राहतात. कुणाच्या घरात नाक खुपसायचं नाही, हा आमचा बाणा. कान तेवढे लावतो. त्यामुळे शेजारच्या घरातल्या मावशींच्या खोलीला बाहेरून कडी लागते, हे तिन्ही मजल्यांना माहीत होतं आणि विचाराल तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

मावशी चाळीस वर्षं एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होत्या. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, आणि नट अडकला की पुढचं वाक्य हळूच त्याच्या कानात सोडायचं. ते कुजबुजणं असं, की नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेतल्या फुकट्या पाहुण्याला जाऊ नये. जिन्यात खेळणारी पोरं त्यांना कुजबुजमावशीच म्हणत. मग न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं, आणि भाचा बायकोला घेऊन दोन आठवडे सेवेला आला. त्याला तीन वर्षं झाली. सेवा वाढत गेली. पुन्हा पडेल म्हणून खोलीला बाहेरून कडी. फुटेल म्हणून चष्मा कपाटात. कुणी फसवेल म्हणून फोनही कपाटात. घर मावशींचं, आणि त्यात मावशींपाशी आता फक्त मावशी उरल्या होत्या.

"कुत्र्याला कोंडलं असतं, तर तुम्ही वर्तमानपत्रात पत्र लिहिलं असतंत," बायको मला म्हणाली.

"कुत्रा भुंकतो," मी म्हणालो. "मावशी कुजबुजतात."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहाचा कप घेऊन गॅलरीत गेलो आणि तो तिथेच गार होऊ दिला.

ती तडक पोलीस चौकीत गेली. हवालदार सज्जन होता. त्याने रीतसर विचारलं, "कोंडलंय ते लहान मूल आहे?"

"नाही."

"मुकं जनावर?"

"नाही."

"मग कुणाची बायको?"

"त्यांनी लग्नच केलं नाही."

"मग बाई, आमच्याकडे कप्पा नाही. सज्ञान माणूस आहे. त्यांनी स्वतः यावं, अर्ज द्यावा."

"अहो, त्या कोंडलेल्या आहेत!"

"हरकत नाही. सुटल्या की पाठवा."

पुढल्या वर्षी तो कप्पा झाला. नवा कायदा आला. जो मोठा माणूस दुसऱ्याच्या आधारावर जगतो, त्याला कुणी छळलं, कोंडलं, जगापासून तोडलं, तर कुणीही कळवावं. अधिकारी घरी येईल आणि त्या माणसाचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐकेल. इमारतीत खळबळ उडाली. "म्हणजे आता घराघरात सरकार शिरणार!" वरच्या मजल्यावरचे मास्तर कडाडले.

"कडी शिरली तेव्हा कुठे होतात?" बायकोने विचारलं आणि त्यांच्याच पेनाने तक्रारीवर सही केली.

भाच्याला नोटीस आली: सोमवारी सकाळी अकरा वाजता अधिकारी येतील. मावशी जर म्हणाल्या, की माझं उत्तम चाललंय, तर तक्रार निकालात निघणार आणि कडी कायमची पक्की होणार. म्हणून भाच्याने एक काम केलं. त्याने संवाद लिहून काढले. चार पानं, कंसातल्या सूचनांसकट. आणि तालमी सुरू केल्या.

आमची भिंत सामाईक आहे, त्यामुळे तालमी आम्हाला घरबसल्या मिळाल्या. भाचा जन्मजात ठोंब्या. त्याला दोन ओळी पाठ होईनात. शेवटी त्याने वही मावशींच्याच हातात दिली आणि ती वाचता यावी म्हणून कपाटातून चष्मा काढला. एका वर्षाने मावशींना अक्षर दिसलं! त्या अशा काही फुलल्या, की विचारू नका. "अरे, घाई करू नकोस," भिंतीपलीकडून आवाज यायचा. "इथे थांब. इथे रुमाल काढ. आणि सूनबाई, तुम्ही त्याच्या वाक्यावर पाय देऊ नका, त्याचं संपू द्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन वाक्यं कापली, एक सुधारलं. तिसऱ्या दिवशी प्रयोग उभा राहिला.

"स्वतःच्या तुरुंगाची तालीम घेतायत हो त्या," बायको म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळेही आवरत नव्हते.

सोमवारी अधिकारी बाई आल्या. लहानखुऱ्या, सर्दी झालेल्या, हातात फुगलेली फाइल. घराबाहेरचे साक्षीदार हवेत म्हणून आम्हा दोघांना बोलावलं. मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या, जराशा मागे, पडद्याला टेकून. चष्मा होता, वही नव्हती. वहीची गरजही नव्हती.

भाचा उभा राहिला. घसा खाकरला. "मावशी म्हणजे..." तो म्हणाला. "म्हणजे मावशी..."

पडद्याजवळून झुळूक यावी तसा आवाज आला, "आमच्या घरचं दैवत."

"आमच्या घरचं दैवत!" भाचा गरजला.

अधिकारी बाईंनी नाक पुसलं आणि इकडेतिकडे पाहिलं. मावशींचे ओठ हललेलेही दिसले नव्हते. काय कसब म्हणायचं!

"त्यांना काय हवं, काय नको..." भाचेसून सुरू झाली आणि थेट चौथ्या पानावर गेली. "त्यामुळे आता आपण चहा घ्या."

"ते शेवटी," झुळूक आली. "आधी कडीचं."

"हो, कडीचं!" भाचा आनंदाने म्हणाला. "ती कडी त्यांच्याच भल्यासाठी आहे!"

"कुठली कडी?" अधिकारी बाईंनी विचारलं. तक्रारीत 'कोंडलंय' एवढंच होतं, आणि त्यांनी अजून खोली पाहिली नव्हती.

भाचा पांढराफटक पडला. पुढचं वाक्य त्याला सुचेना. मावशींना हे सहन होईना. चालता प्रयोग पडलेला त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्या पुढे झुकल्या आणि अधिकारी बाईंच्या कानात म्हणाल्या, "तुम्ही विचारायचं, 'ही कडी बाहेरून का?'"

"ही कडी बाहेरून का?" अधिकारी बाई बोलून गेल्या आणि आपण काय बोललो हे कळून त्यांचं पेन थांबलं.

"रुमाल," मावशी भाच्याला म्हणाल्या. "डाव्या खिशात." भाच्याने उजव्यात हात घातला, मग डाव्यात, मग रुमालाने डोळ्यांऐवजी कपाळ पुसलं. माझ्या बायकोने पदर तोंडात कोंबला. मी छताकडे पाहत होतो. छत चांगलं होतं.

मग मुख्य वाक्य आलं. मावशींनी ते अगदी स्वच्छ कुजबुजलं, "मला इथे काही कमी नाही. मी सुखात आहे."

भाच्याने भाचेसुनेकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे.

त्यांनी पुन्हा कुजबुजलं, किंचित मोठ्याने. कुणी उचललं नाही. मावशी अस्वस्थ झाल्या. वाक्य हवेत लोंबकळत होतं.

"अगं मावशी," भाचा दात आवळून म्हणाला, "तुझं आहे ते!"

"माझं?" मावशी थक्क झाल्या. "माझं कसं असेल? मी विंगेत आहे."

अधिकारी बाईंनी फाइल मिटली. "आता घरच्यांनी बाहेर थांबायचं."

"पण आम्ही घरचेच आहोत!"

"म्हणूनच."

दोघं बाहेर गेले. माझ्या बायकोने दाराला आतून कडी घातली, आणि ती घालताना तिला झालेला आनंद मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला.

"बोला मावशी," अधिकारी बाई म्हणाल्या. "आता तुमचं बोला."

"लिहून आणलंयत?"

"नाही."

मावशींनी चष्मा काढला, पुसला, घातला. पुन्हा काढला. पुन्हा घातला. मला राहवेना. मी तोंड उघडलं, तशी अधिकारी बाईंनी बोट वर केलं. "तुम्ही सुचवायचं नाही. कायद्यात मनाई आहे."

"सुचवायला मनाई?" मावशी खुदकन हसल्या. "चांगला कायदा आहे. नटांना झेपणार नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला भिंतीपलीकडे सगळं ऐकू येत होतं ना?"

मी मान डोलावली.

"मला रोज वाटायचं, आता पुढचं वाक्य तुमचं."

मी पुन्हा छताकडे पाहिलं. या वेळी काही दिसलं नाही. 

मावशी उठल्या. खुर्चीला धरून नीट उभ्या राहिल्या, खोलीच्या बरोबर मध्यावर आल्या आणि बोलल्या. देवा, काय आवाज होता तो! चाळीस वर्षं जपून ठेवलेला, कोरा करकरीत. "कडी काढा! चष्मा माझ्याजवळ राहील! फोन माझा आहे! आणि ह्या दोघांना त्यांच्या घरी पाठवा!" वरच्या मजल्यावर मास्तरांच्या हातून काहीतरी पडलं. दाराबाहेर भाचा म्हणाला, "हे आपल्या वहीत नव्हतं."

स्वतःचा आवाज ऐकून मावशींना हसू फुटलं. अधिकारी बाईंना फुटलं. हसता हसता त्यांना शिंका आल्या, आणि शिंका देत देतच त्यांनी जबाब लिहिला. मावशींनी तो दोनदा वाचला, 'पाठवा'पुढे उद्गारचिन्ह घालायला लावलं आणि मग सही केली. माझ्या बायकोने घरून स्क्रूड्रायव्हर आणला. पण स्क्रू गंजलेले होते, तिला फिरेनात. तेवढं काम मी केलं. तीन वर्षं उशिरा, पण केलं.

कडी अधिकारी बाईंच्या पिशवीत गेली, आणि फाइलमधून एक नोटीस काढून त्यांनी ती दाराबाहेर भाच्याला दिली. मावशींनी चपला शोधल्या. त्या पलंगाखाली धूळ खात होत्या. त्यांनी त्या झटकल्या, घातल्या आणि दार उघडलं. जिन्यात भाचा आणि भाचेसून उभे होते. हातात निघून जाण्याची नोटीस, आणि चेहऱ्यावर ती पुन्हा पुन्हा वाचल्याचा भाव.

"मावशी, कुठे निघालीस?" भाचा म्हणाला.

"माहीत नाही," मावशी मोठ्याने म्हणाल्या.

"आणि परत कधी येणार?"

"ठरवलेलं नाही!" त्या म्हणाल्या. ते वाक्य त्यांना इतकं आवडलं, की कठडा धरून सावकाश जिना उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबून त्यांनी ते उघड्या दारांना एकेकदा ऐकवलं.