किती मंद जळतोस?

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या भिंतीवर ती पांढरी पेटी दिसते ना, तोच मी, एक जुना बॉयलर. पोटात ज्योत, ज्योतीभोवती तांब्याची वळणदार नळी आणि नळीत खेळणारे पाणी, एवढाच माझा संसार. त्याच्याच जोरावर खोल्या उबदार राहतात आणि नळाला गरम पाणी येते.

कारखान्यातल्या चाचणीत मी चार न्हाणीघरे एकदम सांभाळली. "दणकट आहे गडी!" तपासनीस म्हणाला आणि मी फुगलो. दुकानातही जो तो एकच विचारी, "हा जास्तीत जास्त किती तापवतो?" मला वाटे, जगात विचारण्यासारखा दुसरा प्रश्नच नाही.

एके दिवशी एक दादा धाकट्या बहिणीला घेऊन आले. त्यांनी माझ्या अंगावर थाप मारली.

"घ्यायचा तर हा! हत्ती आहे हत्ती!"

"अरे दादा, माझं घर काडेपेटीएवढं. हत्ती बांधू कुठं?"

"तू गप्प बस. गेल्या थंडीत खोकून खोकून बेजार झाली होतीस. भेट माझी, पसंतीही माझीच."

असा मी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो. दादांची मुलगी त्या बहिणीला आत्या म्हणे, म्हणून मीही आत्याच म्हणतो. ज्यांना दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी आत्या पाठ्यपुस्तके वाचून त्यांचे ध्वनिमुद्रण करी. भूमितीची आकृतीसुद्धा ती अशी वाचे, की ऐकणाऱ्याच्या बोटांना रेषा लागावी.

आणि मी? खोल्या उबवणारे तीन रेडिएटर आणि एक नळ म्हणजे हत्तीपुढे शेंगदाणा. माझी ज्योत कितीही बारीक केली, तरी त्या घराला जास्तच. पाणी लगेच तापे, मी विझे. जरा निवले, की पुन्हा भडके. खट्, भस्स, खट्! आत्याने "त्रिकोणाचा" म्हणावे आणि मी "भस्स" करावे. मला बंद करून ती वाचायला बसली, तर थंडीने आवाज कापरा होई.

परीक्षा तोंडावर आल्या. त्या विद्यार्थ्यांच्या संस्थेतून फोन आला, "ताई, मुलं हसतात हो. भूमितीत कुणीतरी शिंकतंय म्हणतात. या वेळी स्वच्छ आवाज मिळाला नाही, तर पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल."

आत्या पेचात पडली. दादाला सांगणार तरी कसे? बॉयलर तर त्याने मायेने दिलेला.

शेवटी तिने भाचीला बोलावले. भाची नुकतीच इंजिनिअर झाली होती. ती माझ्यासमोर स्टूल घेऊन बसली, माझे भडकणे-विझणे पाहत राहिली आणि म्हणाली, "यंत्र झकास आहे, आत्या. बिचाऱ्याला इथं पोटभर कामच नाही." इतके अचूक मला कुणी ओळखले नव्हते.

हे कळताच दादा मात्र घुश्श्यातच आले. "म्हणजे मोठा घेतला ही माझी चूक?"

"बाबा, तुमचा बूट घालून आत्या लवकर पोचेल का?"

"आता बापाला बूट दाखव!" दादा म्हणाले, पण हसू त्यांनाही आवरेना.

मग भाचीने खिडक्या नीट लागतात का ते पाहिले, भिंती चाचपल्या, धुराची नळी कुठून बाहेर निघेल ते ठरवले आणि दुकानात फोन लावला. "तुमच्याकडचा कुठला बॉयलर सगळ्यात मंद जळू शकतो?"

"मंद?" दुकानदार गोंधळला. "ताई, असं कुणी विचारत नाही."

"मी विचारतेय ना!"

दोन नाकारून तिने तिसरा निवडला. तो माझ्या निम्म्या अंगाचा होता. माझ्या जागी चढताच त्याने एक इवलीशी ज्योत लावली आणि न विझवता धरून ठेवली. भडकणे सोपे, मित्रांनो. असे तेवत राहणे ही खरी विद्या. मी मनोमन त्याला नमस्कार केला.

मला दादांच्या घरी नेले. तिथे कळले, की त्यांचा स्वतःचा बॉयलर केव्हाचा धापा टाकत होता. घरात माणसांचा गोतावळा, आणि शेवटी अंघोळ करणारे दादा कोमट पाण्यावर भागवत होते. पण नवा बॉयलर घेतला तो आधी बहिणीसाठी! त्या घरात मी पहिल्यांदा पोटभर जळलो.

काही दिवसांनी भाचीने आत्याचे नवे मुद्रण लावले. संस्थेने ते एका फटक्यात स्वीकारले होते. दादा कान देऊन ऐकत राहिले.

"यात तुझा तो बॉयलर कुठं ऐकू येतोय?"

"नाहीच येत, बाबा. म्हणून तर तो निवडला."

दादांनी डोळे मिटले. "किती छान वाचते गं ही!" ते म्हणाले. बहिणीचे वाचन त्यांनी कधी शेवटपर्यंत ऐकलेच नव्हते.

आता इथे मी इतका मुकाट चालतो, की सगळे मला विसरतात. नळीत क्षार साचून मी गुरगुरू लागलो, तेव्हा कुठे फिटर आला. म्हणून विनंती एवढीच: आम्हाला घरी आणताना आमची ताकद जरूर पाहा, पण आधी तुमचे घर पाहा, त्यात कोण काय करते ते पाहा. आणि वर्षातून एकदा फिटरला आमचे झाकण उघडायला लावा. जो तक्रार करत नाही, त्यालाही कुणीतरी "कसा आहेस?" म्हणून विचारायला हवे.