कोरडी वीज

मी गणू फोटोवाल्याचा कॅमेरा बोलतोय. ताठ बसू नका, पोट आत ओढू नका. माझ्यात आता रोल नाही. माझ्यापुढं आलं की माणूस लगेच साहेब का होतो, हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

जन्म जपानातला. नंतर कल्याणच्या एका दुकानात धूळ खाल्ली, तिथून गणूनं मला शहापुरला आणलं. शिक्षण बेताचंच. अक्षरं शिकलो ती एसटीच्या पाट्या वाचून, म्हणून माझं बोलणंही थांबे घेत घेत चालतं.

टवाळी मात्र पुरी शिकलो. नवरदेवाला शिंक येण्याच्या ऐन वेळी टिपायचं, शिव्या गणूनं खायच्या. त्याहून आवडीचा खेळ म्हणजे कोरडी वीज. रोलात फोटो छत्तीस आणि मांडवात हौशी माणसं तीनशे. कुणी फारच मागं लागलं की गणू माझं बटण दाबायचाच नाही. डोक्यावरच्या फ्लॅशला मागं एक बारकं बटण असतं, तेवढं दाबायचा. लख्ख उजेड! माणूस खूश, माझं पोट रिकामं. मी मनातल्या मनात लोळायचो.

१९९४ च्या थंडीत शहापुरात साक्षरतेची सायकल फेरी निघाली. प्रौढ वर्गातली माणसं, शाळेतल्या पोरी, मास्तर, चाळीसभर सायकली, बाजारपेठेतून थेट आसनगाव स्टेशनापर्यंत. गणू एका मास्तरांच्या कॅरियरवर उलटा बसला आणि मी त्याच्या गळ्यात. मास्तर दर खड्ड्याला "सॉरी" म्हणायचे आणि पुढचा खड्डा शोधायचे.

उद्घाटनाचे साहेब सायकलवर बसले खरे, पण दोघांनी मागून धरल्याशिवाय ती उभी राहीना. धरणारे फोटोत दिसू नयेत, या खटाटोपात अर्ध्याहून जास्त रोल गेला. उरलेला हार आणि भाषणासाठी राखायचा होता.

तेवढ्यात हौसा आली. सापगावकडच्या पाड्यावरची, चाळिशीची, काष्टा नेसलेली, नवऱ्याच्या उंच दांडीच्या सायकलवर. पाय जमिनीला पोचत नव्हते, त्यामुळं बाईला चालवता येत होतं, थांबता येत नव्हतं. नवरा बुधू कडेनं धावत होता.

"हौसा, सायकल मोडशील गो माजी!"

"तुला सायकलीची पडलीय! माजी हाडं काय फुकटची हायेत?" असं म्हणून ती गणूकडं वळली. "ओ फोटोवालं भाऊ, माजा येक काडा ना! सायकल पुरी येऊ दे. मी कदी फोटोत आलीच नाय."

मास्तरांनी सायकल थांबवली. हौसा आमच्याभोवती गोल गोल फिरत राहिली.

"बाई, हास जरा," गणू म्हणाला.

"हासवू नको रे, पडंन!"

बुधू धापा टाकत गणूच्या पाठीशी येऊन उभा राहिला. आणि हौसा हसली. गणूनं मागचं बारकं बटण दाबलं. उजेड पडला. भिंगातून हौसा आत आली, माझ्या आरशावर उमटली, पण रोलापुढचा पडदा उघडलाच नाही.

"कदी भेटंल?"

"कल्याणवरून धुऊन आला की."

मग ती दर आठवडी बाजाराला आमच्या दुकानाच्या पायरीवर हजर. गणूचं उत्तर ठरलेलं, "आजून कल्याणलाच हाय." एका खेपेला ती म्हणाली, "माजा फोटो कल्यानला मजा करतोय नि मी हितं गवत कापतंय. त्याला सांगा, घरी ये आता." मी खूप हसलो होतो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

भादव्यात हौसा तापानं गेली.

आठव्या दिवशी बुधू दुकानात आला. हातात काचेची नवी फ्रेम, रिकामी.

"भाऊ, तो फोटो दे. बाराव्याला ठेवायचाय. तिचा दुसरा नाय."

गणूनं फेरीच्या निगेटिव्ह उजेडात धरल्या. साहेब, साहेब, साहेब. एकीत साहेबांच्या कोपराखालून हौसाच्या सायकलचं पुढचं चाक दिसत होतं. त्या चाकाकडं तो बराच वेळ बघत बसला. 'धुताना खराब झाला' एवढं म्हटलं असतं तरी बुधूनं मान हलवली असती. पण गणूनं निगेटिव्ह खाली ठेवल्या आणि खरं ते सांगून टाकलं.

बुधू भांडला नाही. "उजेड पडला व्हता. मी पाह्यला."

"उजेड पडला. फोटो नाय काडला मी."

बुधूनं फ्रेम पोटाशी धरली. "मंग ती कोनाकडं बगून हासली रे?"

बुधू पायरी उतरून गेला.

त्या दिवसापासून कोरडी वीज बंद. "रोल नाय," गणू सरळ सांगायचा. माणसं रुसायची, तो रुसू द्यायचा. पुढं त्याच्या लेकीनं, कुणालीनं, मुरबाडला डिजिटल स्टुडिओ थाटला. ती दिवसाला पाचशे फोटो काढते आणि चारशे पुसते. मी तिथल्या काचेच्या कपाटात शोभेला आहे. गणू दारात खुर्ची टाकून बसतो. हौसाचा तो हसरा चेहरा त्याला आठवत नाही. त्या वेळी त्याचं लक्ष बटणावर होतं. म्हणजे तो चेहरा पाहिला मी आणि बुधूनं. माझ्या भिंगात तर आता बुरशी चढतेय.

बुधू अजून पाड्यावर आहे म्हणतात. सापगावच्या बाजूला कुणी जाणार असाल तर माझा एवढा निरोप न्या. हौसाच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते, केसांत वाळलं गवत अडकलं होतं, आणि डोळे माझ्यावर नव्हते. मी एवढा उजेड पाडला तरी ते हलले नाहीत. ती गणूच्या खांद्यावरून पलीकडं बघत होती, जिथून धापा ऐकू येत होत्या.

त्याला म्हणावं, बुधू, ती तुझ्याकडं बघून हसली.