अजून दहा टक्के

घाट उतरून संचिताने फोंडाघाटच्या चार्जरला गाडी लावली, तेव्हा बॅटरीत नऊ टक्के उरले होते. शेजारच्या सीटवर पट्टा बांधून ठेवलेल्या, लाल फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात वडिलांच्या अस्थी होत्या. साडेअकराच्या आत देवबागला पोचायचे होते. तिथे होडी घेऊन उभ्या असलेल्या दत्तारामकाकांनी फोनवर बजावले होते, "भरती तुझ्या बॅटरीची वाट बघूची नाय गो."

चाळीस मिनिटांत पंचावन्न टक्के झाले. भरवसा म्हणून निदान ऐंशी तरी घ्यावेत, असे तिने ठरवले होते. पण चार्जरच्या पडद्याकडे लक्ष गेले आणि तिचे डोके फिरले. तिथे तेरा पूर्णांक चार युनिटचे बिल लागले होते, गाडीत आली होती जेमतेम बारा. घरी आठ रुपयांना पडणारे युनिट इथे एकवीसला, आणि वर ही गळती. चार्जरवर लक्ष ठेवणाऱ्या चहावाल्या लक्ष्मीला तिने सरळच विचारले, मधली वीज कोण खातो?

लक्ष्मी चिडली नाही. "वायरीक हात लावन बघ."

वायर चांगलीच तापली होती.

"थंयच जाता ती. थोडी बॅटरी तापवता. जितकी घाई, तितकी गरमी. ह्या माका गंगाराम वायरमनान शिकवल्यान. ही त्यांचीच गाडी मां? बरे आसत मां ते?"

संचिताने शेजारच्या सीटकडे बघितले. लक्ष्मीची नजर लाल फडक्यावर गेली आणि तिच्या हातातली किटली तशीच राहिली. मग ती हळूच म्हणाली की गेल्या रविवारी ते इथेच बाकावर बसले होते, वहीत काहीतरी लिहीत.

वही गाडीच्या कप्प्यात होती. बारीक, सरळ अक्षर. प्रत्येक वेळचे दाखवलेले युनिट, मिळालेले युनिट, खाली शेरा. एका पानावर होते: फोंडाघाट ते देवबाग, एसी बंद, एकेचाळीस टक्के पुरतात.

शेवटची नोंद रविवारची होती. त्या दिवशी देवबागला वीज नव्हती, घरी गाडी चार्ज झाली नव्हती आणि ते एकटेच कोल्हापूरच्या दवाखान्यात निघाले होते. खाली लिहिले होते: दाखवले ९.१, मिळाले ८.२. छातीत दुखते आहे. घाटासाठी एवढे पुरेल. तरी अजून दहा टक्के घेऊ.

उशीर कुठे झाला, असे डॉक्टरांनी विचारले होते. तो इथेच झाला होता, ह्या दहा टक्क्यांसाठी.

घड्याळात साडेनऊ वाजत होते. पडद्यावर छप्पन्न.

"काढा," ती म्हणाली.

"देवबागापर्यंत पुरात मां गो?"

"त्यांनी लिहिलंय."

एसी बंद ठेवून, काचा खाली करून तिने कणकवली ओलांडली, मालवण ओलांडले. टक्के उतरत गेले तसे तिने पडद्याकडे बघणे सोडले. देवबागला पोचली तेव्हा पंधरा उरले होते आणि खाडीचे पाणी अजून होडीखाली होते. काकांनी दोर सोडायला घेतला.

तिने पट्टा काढून मडके उचलले. उन्हाने ते कोमट झाले होते.