कडी फिरण्याआधीचे बारा सेकंद

"ताई, काचेवरची चमक तू पुसतेस, मग ती जाते कुठे?"

धाकट्याने हे कितीदा विचारलं. ताई म्हणायची, "तू आधी ड्रोन सरळ धर." मग उत्तर राहूनच जायचं. त्याला कुणी कधीच सांगितलं नाही. चमक पुसायचो मीच, पण मलाही ते ठाऊक नव्हतं.

मी फिल्टर बोलतोय. ड्रोनच्या कॅमेऱ्यापुढे बसणारा, कोटाच्या बटणाएवढा. माझी काच काळसर आहे. भर उन्हात कॅमेरा भराभर डोळे मिचकावतो, मग चित्रात पानं हलतात तीसुद्धा अडखळत. मी उजेड कमी करतो, की तो निवांत बघायला लागतो. शिवाय मला एक फिरणारी कडी आहे. ती नेमकी फिरवली की पाण्यावरची, काचेवरची चमक नाहीशी होते आणि आतलं दिसतं. मात्र हे काम जमिनीवरच उरकायला लागतं. ड्रोन एकदा वर गेला की मला कोण फिरवणार?

मला ताईने आणलं. मऊ कापडात ठेवलं. तिने मला नेहमी कडेने धरलं, माझ्या काचेवर तिचं बोट कधी लागलं नाही. धाकट्याचा अंगठा मात्र रोज ठरलेला. ताई त्याला वादळ म्हणायची. शाळा त्याने सातवीत सोडली, तीही मधल्या सुट्टीत. दप्तर तिथेच राहिलं.

त्यांची पद्धत अशी. उडवण्याआधी धाकटा पंखे बंद असलेला ड्रोन हातात धरून काचेशी तिरका उभा राहायचा. स्क्रीन त्याच्या गळ्यात. ताई थोडी पुढे, बाजूला उभी राहून हात लांब करायची आणि स्क्रीनकडे बघत मला हळूहळू फिरवायची. तिने "हं" म्हटलं की त्याने चित्रण सुरू करायचं. पण तिच्या "हं"ची वाट त्याने एकदाही पाहिली नाही.

"वादळा, पुन्हा आधीच दाबलंस!"

"दाबलं तर दाबलं. घरी कापून टाकतो की."

आणि टाकायचाच. प्रत्येक चित्रणाचं तोंड कापून फेकायचा. कचराच तो, कोण ठेवतं?

आई-बाबा तीस वर्षं एका रोपवाटिकेच्या काचघरात कामाला होते. ते काचघर पाडणार असं कळलं, तेव्हा ताई म्हणाली, "तुमचं काम आपण वरून टिपू. बाहेरून बघणाऱ्याला नुसती काच दिसते, तुम्ही दिसतच नाही." बाबा हसले. "आमचं काय बघायचंय? मी पाणी घालतो, ही कुंड्या भरते."

एका सकाळी ताई आणि धाकट्याने काचघराच्या दाराशी उभं राहून मला जुळवलं. वर उडालो, थोडं टिपलं, बॅटरी संपली. उरलेलं उद्या, असं ठरलं. संध्याकाळी ताईला ताप भरला. नऊ दिवसांत ती गेली.

त्यानंतर एकदा आईने विचारलं, "तिचा हलता-बोलता एखादा फोटो आहे का रे?"

धाकट्याने दोन वर्षांचं सगळं काम उघडलं. छपरं, पूल, मैदानं, लोकांची लग्नं. ताई कुठेच नव्हती. कॅमेऱ्यामागचं माणूस ते. सापडला फक्त ओळखपत्रावरचा फोटो, त्यात ती फोटो काढणाऱ्यावर रागावलेली. त्याने ड्रोनची पिशवी भिंतीवर फेकली. माझी कडी वाकली. मला राग नाही आला. त्या घरात तेव्हा कोण धड होतं?

पिशवी बाबांनी उचलली. एकेक वस्तू पुसून ठेवताना म्हणाले, "आमच्या काचघराचं टिपलं होतंत ना? ते कुठाय?"

त्या सकाळच्या चित्रणाचं कार्ड ड्रोनमध्येच होतं. कापायचं राहून गेलेलं.

मी आता डबीत असतो. माझी कडी फिरत नाही, कामाला नवा फिल्टर आलाय. तक्रार नाही. ताईच्या बोटांचे आभार, त्यांनी मला कामाचं केलं. आणि धाकट्याच्या घाईचे त्याहून जास्त. त्या घाईवर सगळ्यांनी तोंडसुख घेतलं, पण तिनेच जे दिलं, ते मी त्या दिवशी टेबलावरून पाहिलं.

लॅपटॉपवर आधी काचघराचं दार दिसलं. काच पांढरी, उन्हाने भरलेली. आणि त्या चमकेत ताई होती. केस रबराने वर बांधलेले, जीभ दातांत धरलेली. तिने मान वर केली. ओठ हलले. ड्रोनला आवाज टिपता येत नाही.

"काय म्हणतेय रे?" आईने विचारलं.

"वादळा, पुन्हा आधीच दाबलंस."

बाबा हसले, आणि मग त्यांना हसवेना.

तेवढ्यात तिने पुन्हा जीभ दातांत धरली, मान खाली घातली आणि तिच्या बोटांनी मला फिरवलं. ताई फिकट होत गेली. ती होती तिथेच, काचेपलीकडे, आई कुंडीत माती दाबताना दिसू लागली, बाबा पाइप घेऊन उभे. बारा सेकंदांत सगळं झालं.

"गेली," आई म्हणाली.

मीच पुसलं होतं तिला. तिलाही तेच हवं होतं, आई-बाबा दिसावेत म्हणून.

धाकट्याने लॅपटॉप पुढे ओढला आणि तेच चित्रण उलटं लावलं. पाणी पाइपात परत शिरलं. आईच्या हाताखालची माती सैल झाली. दोघं धूसर झाली, काच उजळली आणि चमकेतून ताई परत आली. जीभ दातांत. मान वर.

"थांबव," बाबा म्हणाले.

"जरा थांबा, बाबा." तो वाट बघत राहिला. तिने नजर उचलून सरळ आमच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याने बटण दाबलं. अगदी वेळेवर.