फोटोमागची ओळ

आईला जाऊन आठवडा झाला तरी धाकटी थोरल्याशी धड बोलत नव्हती. चहा आणायची, कप कुठे ठेवलाय ते सांगायची आणि निघून जायची. तो आला त्या दिवशी दारातच म्हणाली होती, "मिळाला का वेळ?" दुःखात माणूस काहीबाही बोलतो, असं म्हणून थोरल्यानं ते मनावर घेतलं नव्हतं.

थोरल्याचे डोळे लहानपणीच गेलेले. दूरच्या शहरात तो एका कंपनीत कामाला होता. नवं ॲप किंवा वेबसाइट लोकांसमोर जाण्याआधी त्याच्याकडे यायची. फोनमधला आवाज पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. त्या आवाजाच्या भरवशावर ते वापरता येतं का, हे तो तपासायचा. कुठल्या बटणाला नाव नाही, कुठल्या चित्रामागे वर्णन लिहिलेलं नाही, ते शोधून काढायचा. सहकारी त्याला लाडानं 'खोडकाढ्या' म्हणत. नव्या मुलांना तो सांगायचा, "चित्रामागे काहीच लिहिलं नाहीत, तर माणूस निदान कुणाला तरी विचारेल. चुकीचं लिहिलंत, तर तो विचारणारच नाही."

आईलाही हे त्यानंच शिकवलं होतं. घरच्या फोटोंसाठी त्यानं मुद्दाम असा अल्बम निवडला, की प्रत्येक फोटोमागे एक ओळ लिहिता येते. डोळसांना ती दिसत नाही, आवाज फक्त त्याला वाचून दाखवतो. आईनं पहिल्यांदा लिहिलं, 'फोटो आहे.'

"आई, फोटो आहे एवढं मलाही कळतं. त्यात काय आहे?"

मग तिनं लिहिलं, 'माणसं आहेत.' तो हसून हसून बेजार झाला. पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. हळूहळू तिचा हात बसला. 'मामा उभा आहे, पोट फोटोच्या बाहेर गेलंय.' 'सगळे आहेत, फक्त तू नाहीस.' अल्बममध्ये फोटो कुणीही टाको, मागची ओळ आईच लिहायची. त्या कामाला तिनं दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

त्या दुपारी शेजारच्या काकू येऊन बसल्या.

"सुटली बिचारी," त्या म्हणाल्या. "शेवटी नुसती काडी उरली होती रे. फोटोत पाहिलंच असशील… म्हणजे, सांगितलं असेल तुला कुणीतरी."

काकू गेल्या.  थोरल्यानं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली.

"चिमे, जरा इकडे ये."

"काम आहे मला."

"आई वाळली होती?"

आतली भांडी थांबली. धाकटी चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि तो टेबलावर आदळल्यासारखा ठेवला.

"आता विचारतोयस? इतके महिने मी फोटो टाकत होते ते काय हौस म्हणून? आई सतत शेजारी. तिच्यासमोर फोनवर काय बोलणार, डॉक्टरांनी हात टेकलेत असं? म्हणून तुला विचारलं, फोटो पाहिलास ना आईचा? तर म्हणालास, पाहिला, मजेत दिसतेय." तिचा आवाज चिरकला. "मजेत. त्या दिवसापासून ठरवलं, ज्याला यायचंच नाही, त्याला बोलवायचं कशाला."

थोरल्यानं खिशातून फोन काढला, अल्बम उघडला आणि आवाज वाढवला.

"शेवटचा फोटो समोर आलाय ना? तू तो बघ. आणि मला काय ऐकू येतं तेही ऐक."

फोनमधला सपाट आवाज बोलू लागला. 'मी खिडकीशी बसले आहे. हसतेय. अंगावर चांगलं मांस चढलंय. तुझा जुना स्वेटर उसवून नवा विणायला घेतलाय. काळजीचं काही नाही.'

धाकटी खाली बसली. थोड्या वेळानं तिनं स्वतःच बोट सरकवून आधीचा फोटो आणला.

'आज डॉक्टर म्हणाले, आजी, तुम्ही तर आमच्यापेक्षा ठणठणीत.'

"दादा, हा दवाखान्यातला आहे. नाकात नळी आहे तिच्या."

"फोनवर म्हणायची, घसा बसलाय," थोरला म्हणाला. "आवाज खोल गेलेला कानाला कळत होता. पण मी कानापेक्षा फोटोवर विश्वास ठेवला."

"माझ्याच शेजारी बसून लिहायची रे. मला वाटायचं, तुला सगळं सांगतेय. म्हणायची, त्याचं आता कुठे बस्तान बसलंय." धाकटीनं डोळे पुसले. "मला काय ठाऊक, असं लिहीत असेल."

"मीच शिकवलं तिला."

त्यानं फोन धाकटीपुढे धरला. "खिडकीतला फोटो सांग. जसा आहे तसा."

धाकटीनं फोन हातात घेतला. सांगताना ती मध्येमध्ये थांबत होती. "खिडकी आहे. आई खुर्चीत आहे, पण बसलेली नाही. उशा लावून टेकवलंय तिला. गाल आत गेलेत. स्वेटर मांडीवर आहे, उसवलेला नाही. सुया नाहीत. सुया धरवतच नव्हत्या तिला. एक हात स्वेटरच्या बाहीत घातलाय."

"आणि हसतेय, ते?"

"हसतेय," धाकटी म्हणाली. "ते खरं आहे."

थोरल्यानं मान हलवली.

"मी बदलू का ही ओळ? खरं लिहिते. पण इथे एकच चौकट आहे. नवं लिहिलं की आईचं जाईल."

कचेरीत अशी ओळ त्यानं क्षणभरही टिकू दिली नसती. फोनसाठी त्यानं हात पुढे केला. धाकटीनं तो त्याच्या तळव्यावर ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "तू सांगितलंस ते माझ्या लक्षात राहील."

त्यानं पडद्याला पुन्हा बोट लावलं. आवाज तेच शब्द त्याच सपाट सुरात म्हणत गेला. काळजीचं काही नाही, इथं येऊन थांबला.

"चहा गार झाला," धाकटी म्हणाली. "दुसरा टाकू?"

"नको. तू बस. याच्या आधीचा सांग."

तिनं खुर्ची ओढून त्याच्या जवळ घेतली.