चारा बापाचा, धार आईची

मी काबरी शेळी बोलतेय. हसू नका. माझ्याएवढे निवाडे पाहिलेलं जनावर अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात सापडायचं नाही.

काष्टीच्या बाजारात अजीज नालबंदानं मला घेतलं. माझे दात पाहिले, कास पाहिली. पुढं काय वाढून ठेवलंय ते मात्र मलाही दिसलं नाही.

लढाईचे, टंचाईचे दिवस होते. अजीजचं आणि त्याच्या बायकोचं, हसीनाचं, काही केल्या पटेना. शेवटी तलाक झाला आणि हसीना तान्ह्या बानूला घेऊन गावातच भावाकडं राहायला गेली. पोरीला आईचं दूध पुरेना. आता तिला पोसायचं कुणी? पंच बसले. लालमहंमदचाचांनी दाढी कुरवाळत निवाडा दिला, "चारा बापानं घालायचा, धार आईनं काढायची. दूध पोरीचं!"

सगळे वाहवा करत उठले. मला कुणी विचारलंच नाही.

झालं, माझी रोजची वरात सुरू. अजीजच्या दारात बाभळीच्या शेंगा खायच्या, दोन्ही वेळा धारेला हसीनाकडं जायचं. अजीजला संशय, दूध मेव्हण्याच्या चहात जातं. हसीनाला संशय, हा वाटेतच पिळून घेतो. म्हणून तिनं माझ्या कासेला पिशवी बांधली आणि गाठीवर लाख लावली! गावची कुत्री भुंकायचं सोडून माझ्याकडं बघत बसायची.

"पोरीला माझ्यादेखत पाज," अजीज दारात उभा राहून म्हणायचा.

"मंग काय मी पिती व्हय?" हसीना फणकारायची.

वाटी तोंडाला लागली की बानू पांढऱ्या मिशा घेऊन हसायची. तेवढा वेळ दोघंही भांडायचं विसरत. मला फार बरं वाटायचं.

पण पुढं माझं दूध आटत चाललं. बोकडाकडं नेल्याशिवाय शेळी पुन्हा विते का?

"माझ्याकडं चारा. बोकड काय चाऱ्यात येतो?" अजीज म्हणाला.

"मंग धारेत येतो व्हय?" हसीना कडाडली.

निवाड्यात बोकडाचं नावच नव्हतं. पंच पुन्हा बसले, गुळाचा चहा प्याले आणि उठले. इकडं बानू रिकामी वाटी चाटत होती. मला बघवेना. दावं तोडलं आणि तडक लालमहंमदचाचांचं परसू गाठलं. तिथं त्यांचा बोकड होता. आडदांड, दाढीवाला, थेट मालकाच्या वळणावर गेलेला. माझं काम झालं.

मी गाभण असताना अजीज कुठून कुठून दूध मागून आणायचा आणि हसीनाच्या उंबऱ्यावर ठेवायचा. हसीना तिच्या ताटातली भाकरी मला चारायची. यातलं काहीच निवाड्यात नव्हतं.

मग मला दोन करडं झाली. ती कुणाची, यावर पुन्हा भांडण, पुन्हा पंच. एक करडू बानूच्या बापाच्या दारात, एक आईच्या. आता मी दोन्हीकडं धावते, करडांना पाजते, वर बानूची वाटीही भरते. माझा जीव मेटाकुटीला आलाय. आणि करडांचा बाप? तो चाचांच्या परसात भुसा खाऊन घोरतोय! त्याच्या वाट्याला काहीच काम कसं आलं नाही?

काल मी चाचांच्या दारात उभी राहून हेच ओरडून ओरडून सांगितलं. चाचांनी नीट ऐकून घेतलं, दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "भूक लागली वाटतं हिला. न्या रे, अजीजच्या दारात बांधा."