बघितलं की चालणारं इंजिन

सासरे आयुष्यभर उष्णतेचे नियम शिकवून निवृत्त झाले, आणि सुनेने नेमका त्यातलाच एक नियम मोडून ठेवला. आता बोला!

तिचं इंजिन होतं एका अणूचं. डोळ्यांना दिसायचं नाही, पण मिजास केवढी! गोठवलेल्या पेटीत बसून ते जेवढी उष्णता घ्यायचं, त्याहून जास्त काम करून दाखवायचं. बाहेरच्या मीटरचा काटा तसं छातीठोकपणे सांगत होता. दुपारी तिला हे अख्ख्या विभागापुढे मांडायचं होतं. खरं निघालं तर नाव, नाहीतर जन्माचं हसं. कुठेतरी चूक आहे असं तिचं मन सांगत होतं, पण ती काही केल्या सापडत नव्हती.

शेवटी नवऱ्याने परस्पर वडिलांना फोन केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांनी तिच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नव्हतं. “तुमचं ते क्वांटम म्हणजे हवेतल्या गप्पा,” एवढ्यावर विषय संपायचा. तिला ते फार लागायचं, पण बोलणार कोण? आज मात्र लाडक्या नियमावर बेतलं म्हटल्यावर स्वारी तासाभरात हजर!

“फुकटात कुणी राबत नाही,” ते दारातूनच गरजले. “कुठूनतरी चोरून खातंय तुझं इंजिन. एकेक गोष्ट बंद कर बघू.”

तिने आधी अणूला उष्णता पुरवणारा हीटरच बंद केला. काटा खाली यायचं नाव घेईना. इंजिन आपलं मजेत चालूच! सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग दिवे, पंखा, शेजारचं यंत्र, सगळं बंद झालं. काटा तिथेच.

“आता काय राहिलं?”

“काही नाही, बाबा. फक्त बघणं.” अणू कुठल्या अवस्थेत आहे हे ती दर फेरीला यंत्राने तपासायची. “पण नुसत्या बघण्याने काय होतंय?”

“बंद कर म्हटलं ना!”

तिने तपासणी बंद केली. काटा शून्यावर आला. चालू केली, वर गेला. बंद केली, पुन्हा शून्य.

तिने कपाळावर हात मारून घेतला. अणूकडे नुसतं बघता येत नाही, बघणाऱ्याचा धक्का त्याला बसतोच, हे ती विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला घसा फोडून सांगायची! त्या धक्क्यातूनच अणूला ऊर्जा मिळत होती, आणि हिने ती हिशोबात धरलीच नव्हती.

“म्हणजे नियम शाबूत?” सासऱ्यांनी घाईघाईने विचारलं.

“शाबूत. शिवाय बघण्यावर चालणारं इंजिन मिळालं ते वेगळंच! दुपारी हेच सांगते.”

सासऱ्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि पेटीसमोर ठाण मांडलं. “मग आधी मला सांग. काय काय केलंस, अगदी पहिल्यापासून. नीट बघू दे.”

ती सांगायला लागली आणि मध्येच तिचे डोळे भरून आले.

“अगं, रडायला काय झालं?” सासरे गडबडले. “नियम वाचला ना!”

“काही नाही, बाबा,” ती डोळे पुसत हसली. “तुम्ही बघताय ना.”